डेव्हलपरांच्या कामाचे ग्राफ: कोणते ठेवायचे, कोणते काढायचे?

उंबरठा (प्रश्न)

नऊ जणांची टीम, दोन रिपॉझिटरी, कोड गिटहबवर, तिकिटं जिरात, दोन आठवड्यांचा स्प्रिंट. टीम पुण्यात, पण दोन सीनियर रिव्ह्यूअर न्यू जर्सीत. आता वरून एक डॅशबोर्ड लागू होतोय. त्यात प्रत्येकाच्या नावासमोर चार ग्राफ आहेत: आठवड्यातले कमिट (कोडमधल्या बदलाची एकेक नोंद), बदललेल्या ओळी, पूर्ण झालेले स्टोरी पॉइंट आणि मर्ज झालेले पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल तपासून मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती). अप्रेझलच्या वेळी हे आकडे बघितले जातील असं सांगण्यात आलंय.

या चारांपैकी कशाला अर्थ आहे का, आणि असलाच तर कितपत? हे काढा म्हणायचं तर त्या जागी काय ठेवायचं? "हे मोजता येत नाही" हे उत्तर वर चालणार नाही, आणि मलाही ते पटत नाही, कारण काम कुठे अडतंय हे कळायला तर हवंच. शिवाय नवीन टूल विकत घ्यायचं नाहीये. गिट, गिटहब, जिरा आणि एक स्प्रेडशीट एवढ्यावर काय काय काढता येईल?

तत्त्वचर्चा नको, नेमके खड्डे कुठे आहेत ते सांगा.

केवडा

कमिट आणि ओळींपासून सुरुवात करतो. डॅशबोर्ड उघडला की नजर आधी तिथेच जाते, आणि फसगतही तिथेच जास्त होते.

गिटहबच्या प्रोफाइलवरचा हिरव्या चौकोनांचा ग्राफ घ्या. तिथे कमिट मोजला जायचा तर त्यातला ईमेल खात्याला जोडलेला हवा, कमिट डिफॉल्ट ब्रँचवर किंवा जीएच-पेजेस ब्रँचवर पोचलेला हवा, आणि रिपॉझिटरी फोर्क (दुसऱ्या रिपॉझिटरीची प्रत) नसावी. म्हणजे फीचर ब्रँचवर तीन आठवडे काम चाललं तर तोवर ग्राफ कोरा. पुढे काय दिसेल ते तुम्ही मर्ज कसं करता यावर ठरतं. स्क्वॉश मर्ज केलंत तर चौदा कमिटांचा एक होतो आणि तो मर्जच्या दिवशी पडतो. रिबेस मर्ज केलंत तर चौदाचे चौदा राहतात आणि मागच्या तारखांना जाऊन बसतात. तुमच्या दोन रिपॉझिटरींत मर्जची सेटिंग वेगळी असेल तर दोन्हीकडच्या लोकांचे कमिट शेजारी ठेवणं तिथेच संपलं.

तारखांचा घोळ वेगळाच. गिट प्रत्येक कमिटवर दोन तारखा ठेवतं, लेखकाची आणि कमिटची. रिबेस केलं (कमिट नव्या पायावर पुन्हा रचले) की दुसरी बदलते, पहिली तशीच राहते. गिटहबचा प्रोफाइल ग्राफ पहिली धरतो, रिपॉझिटरीतली पानं दुसरी धरतात. त्यामुळे तेच काम एका ग्राफवर मागच्या आठवड्यात आणि दुसऱ्यावर या आठवड्यात दिसू शकतं. शिवाय या दोन्ही तारखा कमिट करणाऱ्याच्या मशीनवर ठरतात. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देऊन हवी ती तारीख टाकता येते. हिरव्या चौकोनांत अक्षरं काढून देणाऱ्या स्क्रिप्ट त्यावरच चालतात. सलग किती दिवस काम केलं हे दाखवणारा स्ट्रीकचा आकडा गिटहबने स्वतःच २०१६ मध्ये प्रोफाइलवरून काढून टाकला. रंगाच्या छटाही ज्याच्या त्याच्या स्वतःच्या आकड्यांच्या मानाने ठरतात, म्हणून दोघांचा गडद हिरवा म्हणजे तेवढंच काम असं होत नाही.

ओळींचा ग्राफ याहून वाईट. एखाद्या आठवड्यात आठ-दहा हजार ओळींचा मनोरा दिसला तर हे तपासा: पॅकेज-लॉक फाइल हलली का (एक छोटं पॅकेज टाकलं तरी हजारो ओळी बदलू शकतात), प्रीटियरसारखा फॉरमॅटर सगळ्या कोडवर चालवला का, विंडोजवरून ओळीच्या शेवटाचं चिन्ह बदलून आलं का, कारण मग फाइलमधली प्रत्येक ओळ बदललेली दिसते, प्रोटोबफ किंवा स्वॅगरमधून तयार झालेला कोड किंवा टेस्टसाठीचा भलामोठा जेसन कमिट झाला का. आता याच्या उलट बघा. दोन दिवस लॉग आणि थ्रेड डंप वाचून रेस कंडिशन (दोन थ्रेड एकमेकांच्या कामात घुसल्याने होणारा बग) सापडते आणि दुरुस्ती निघते एका ओळीची. ग्राफवर ती कुठेच नाही.

तरी ओळी काढायच्याच असतील तर निदान स्वच्छ काढा. आधी रिपॉझिटरीच्या मुळाशी डॉट-मेलमॅप फाइल ठेवा, ती एका माणसाचे वेगवेगळे ईमेल एकाच नावाखाली आणते. एकच माणूस लॅपटॉपवरून एका ईमेलने आणि गिटहबच्या वेब एडिटरवरून दुसऱ्या ईमेलने कमिट करतो आणि दोन माणसं म्हणून मोजला जातो. गिट शॉर्टलॉग एस, एन आणि ई हे तीन फ्लॅग लावून चालवा, अशी दुहेरी नावं लगेच दिसतील. मग गिट लॉगला नमस्टॅट (फाइलगणिक बदललेल्या ओळींचे आकडे देणारा फ्लॅग) द्या, मर्ज कमिट वगळा, व्हाइटस्पेस दुर्लक्षित करा, लॉक फाइल आणि जनरेटेड फोल्डर एक्सक्लूड करा. बायनरी फाइलसमोर आकड्याऐवजी आडवी रेघ येते. स्प्रेडशीटमधल्या बेरजेत ती गाळून घ्या.

हा सगळा डेटा माणसांऐवजी फाइलींवर मांडलात तर मात्र तो कामाचा आहे. मागच्या सहा महिन्यांत कुठली फाइल किती कमिटांत आली ते मोजा आणि वरच्या वीस फाइली काढा. जिरातल्या बग तिकिटांचे नंबर कमिट मेसेजमध्ये असतील तर त्यातले किती कमिट बगसाठी होते ते शेजारच्या कॉलममध्ये टाका. एखादी फाइल सतत बदलतेय आणि त्यातला मोठा वाटा बगांचाच आहे, तर रिफॅक्टरिंगसाठी वेळ मागायला यापेक्षा चांगला कागद मिळणार नाही.

स्टोरी पॉइंटबद्दल थोडक्यात: ते टीमने आपसात ठरवलेलं माप आहे, पुढच्या स्प्रिंटमध्ये किती काम घ्यावं एवढ्यापुरतं. माणसागणिक मोजायला लागलात की तीनचं तिकीट पाचचं होतं आणि दुसऱ्याच्या तिकिटाला हात लावायला कोणी येत नाही, कारण पॉइंट ज्याच्या नावावर तिकीट त्यालाच मिळतात. दोन टीमची व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणारे पॉइंट) शेजारी ठेवणंही तितकंच निरर्थक.

रानवारा

केवड्याशी सहमत. आता त्या जागी काय ठेवायचं ते सांगतो. पीआरचा प्रवास तोडून दाखवणारा ग्राफ. एवढा एकच नीट काढलात तरी तुमचा अर्धा प्रश्न सुटेल.

टप्पे असे पाडा: पहिला कमिट ते पीआर उघडणं, उघडल्यापासून पहिला रिव्ह्यू, पहिल्या रिव्ह्यूपासून अप्रूव्हल, अप्रूव्हलपासून मर्ज, आणि मर्जपासून प्रॉडक्शन. प्रत्येक पीआरसाठी पाच आकडे, तासांत. एका आठवड्यातल्या पीआरचा प्रत्येक टप्प्याचा मध्यक काढा आणि आठवड्याला एक आडवी पट्टी पाच रंगांत रंगवा. (मध्यकांची बेरीज एकूण वेळेच्या मध्यकाएवढी येत नाही. पट्टीच्या लांबीवर कोणी बोट ठेवलं तर हे सांगावं लागेल.) पट्टीवर कुणाचंही नाव नाही.

डेटा गिटहबच्या कमांड-लाइन साधनातून मिळतो. मर्ज झालेल्या पीआरची यादी जेसनमध्ये मागवा: नंबर, लेखक, उघडल्याची वेळ, मर्जची वेळ, कमिट आणि रिव्ह्यू. इथे हमखास चुका होतात त्या अशा.

यादीची मर्यादा सांगितली नाही तर फक्त ३० पीआर येतात. ग्राफ छान दिसतो आणि डेटा अपुरा असतो. मर्यादा ५०० वगैरे द्या.

सगळ्या वेळा यूटीसीत येतात. शनिवारी पहाटे ३ वाजता पुण्यात मर्ज झालेला पीआर यूटीसीत शुक्रवारी रात्री साडेनऊला पडतो. वार किंवा आठवडा काढण्याआधी साडेपाच तास मिळवा.

ड्राफ्ट (अजून अर्धवट असलेल्या) पीआरचं घड्याळ उघडल्यापासून लावू नका. तो रिव्ह्यूसाठी तयार असल्याची नोंद टाइमलाइनमध्ये मिळते, तिथपासून लावा. नाहीतर लवकर ड्राफ्ट टाकून चर्चा सुरू करणारा माणूस सर्वांत संथ दिसेल, आणि पुढच्या महिन्यात लोक ड्राफ्ट टाकणंच बंद करतील.

"पहिला रिव्ह्यू" काढताना बॉट वगळा, आणि पीआरच्या लेखकालाही वगळा. लेखकाने कमेंटला उत्तर दिलं तरी गिटहब तेही रिव्ह्यू म्हणूनच नोंदवतं. रिलीज ब्रँच परत मेनमध्ये आणणारे पीआरही काढून टाका. ते दोन मिनिटांत मर्ज होतात आणि मध्यक खाली ओढतात.

सरासरी मात्र वापरू नका. उदाहरणादाखल दहा पीआर घ्या, मर्ज व्हायला लागलेले तास असे: २, ३, ३, ४, ५, ६, ८, ९, ३०, १३०. बेरीज २००, सरासरी २० तास. पण दहापैकी आठ पीआर दहा तासांच्या आत मर्ज झालेत, आणि मध्यक आहे साडेपाच. वीस तास लागलेला पीआर त्या यादीत एकही नाही. म्हणून पट्टीच्या जोडीला एक ठिपक्यांचा ग्राफ ठेवा: आडव्या अक्षावर मर्जची तारीख, उभ्या अक्षावर तास, उभा अक्ष लॉग स्केलवर. त्यावर ५० आणि ८५ पर्सेंटाइलच्या दोन रेघा. वर एकटे पडलेले ठिपके उघडून वाचायचे, त्यात खरी माहिती असते: डिझाइन आधी ठरलं नव्हतं, दुसऱ्या टीमची एपीआय यायची होती, किंवा पीआरच दोन हजार ओळींचा होता.

तुमच्याकडे दुसरा टप्पा फुगलेला दिसेल हे आत्ताच सांगतो. न्यू जर्सीत सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात पुण्यातले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. सकाळी ११ ला टाकलेला पीआर कोणी कितीही तत्पर असलं तरी साडेसात-साडेआठ तास पडून राहणार. त्यात साडेसहानंतर आलेल्या कमेंटला उत्तर दुसऱ्या दिवशी, म्हणजे एका फेरीला एक दिवस. यात कुणाची कुचराई नाही, आणि माणसागणिक ग्राफ काढलात तर ते कधीच दिसणार नाही. उपाय बघा: पुण्यातल्या दोघांना अप्रूव्हलचा अधिकार द्या, न्यू जर्सीकडे फक्त ठरावीक फोल्डरचे पीआर जाऊ द्या (कोडओनर्स फाइलमध्ये तसं लिहिता येतं), आणि पीआर लहान ठेवा. बदल केल्याच्या तारखेला ग्राफवर एक उभी रेघ मारा, म्हणजे फरक पडला की नाही ते रेघेच्या दोन्ही बाजूंना दिसेल.

तळटीप

एक मुद्दा वेगळा मांडतो. माणसागणिक प्रत्येक ग्राफ टाकाऊ असतो असं मला वाटत नाही. रिव्ह्यूचा भार माणसागणिकच बघावा लागतो. महिन्याभरात कोणी किती पीआरना रिव्ह्यू दिला याचा साधा बार ग्राफ काढा. नऊ जणांत निम्म्याहून जास्त रिव्ह्यू एकाच माणसाकडे जात असतील तर दोन गोष्टी एकदम कळतात: तो माणूस रजेवर गेला की टीम थांबणार, आणि त्याच्या स्वतःच्या तिकिटांचा वेग कमी दिसतो तो त्यामुळेच. उंबरठा यांच्या डॅशबोर्डवर हाच माणूस चारही ग्राफांत सगळ्यांत खाली असेल. टीमचा खांब असलेल्याला अप्रेझलमध्ये कमी गुण देणारं यंत्र आहे ते, आणि हे मॅनेजमेंटला याच ग्राफने दाखवता येईल.

तसंच कुठल्या फोल्डरला कोणाचा हात लागलाय. प्रत्येक मोठ्या फोल्डरसमोर गेल्या वर्षात तिथे कमिट केलेल्या माणसांची संख्या लिहा. जिथे एक आहे तिथे लाल रंग. पेमेंट किंवा मायग्रेशनच्या कोडसमोर लाल दिसलं तर पुढच्या स्प्रिंटला दुसऱ्याला जोडीला बसवा.

केवडा

तळटीप, रिव्ह्यूभाराचा मुद्दा मान्य. फक्त तो ग्राफ टीमच्या रेट्रोमध्येच (स्प्रिंटनंतरच्या आढावा बैठकीतच) राहावा. रिव्ह्यूंची संख्या अप्रेझलमध्ये गेली की न वाचता "ठीक दिसतंय" लिहून अप्रूव्ह करणं सुरू होतं, आणि ते थांबवायला मग कमेंटची संख्या मोजायला लागतात, की मग स्पेलिंगवर कमेंट पडतात. २०२१ साली निकोल फोर्सग्रेन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या स्पेस चौकटीत पाच बाजू आहेत: समाधान, कामाचा परिणाम, हालचाल, संवाद-सहकार्य आणि कामाचा अखंड प्रवाह. उंबरठा यांच्या डॅशबोर्डवरचे चारही ग्राफ यातल्या एकाच बाजूचे आहेत, हालचालीचे. एकाच बाजूवरून निष्कर्ष काढू नका, किमान तीन बाजूंची मापं एकत्र बघा, असं ती मांडणी सांगते. वर बोलताना याचा उपयोग होईल.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. पीआरचे टप्पे या आठवड्यातच काढायला घेतो.

एक अडचण राहते. साप्ताहिक बैठकीत "मागच्या आठवड्यात ११ तिकिटं बंद झाली, या आठवड्यात ५, काय झालं?" असा प्रश्न येतो आणि प्रत्येक वेळी कारण शोधून द्यावं लागतं. यावर काही पद्धत आहे का?

तळटीप

आहे, आणि शंभर वर्षं जुनी आहे. वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये कारखान्यातल्या उत्पादनासाठी नियंत्रण आलेख मांडला. त्याचंच एकेका आकड्यासाठीचं साधं रूप तुम्हाला पुरेल.

आठवड्याला बंद झालेली तिकिटं, उदाहरणादाखल दहा आठवडे: ७, ९, ६, ८, ११, ७, ५, ९, ८, १०. सरासरी ८. आता लागोपाठच्या दोन आठवड्यांतला फरक, चिन्ह सोडून: २, ३, २, ३, ४, २, ४, १, २. बेरीज २३, भागिले ९, म्हणजे साधारण २.५६. याला २.६६ ने गुणा, आले ६.८. हा ठरलेला स्थिरांक आहे, तो बदलायचा नाही. वरची मर्यादा ८ अधिक ६.८, म्हणजे १४.८. खालची १.२.

म्हणजे ५ आणि ११ दोन्ही आकडे या टीमसाठी नेहमीच्या चढउतारातले आहेत. "काय झालं?" याचं खरं उत्तर "काही नाही" असं आहे, आणि प्रत्येक वेळी कारण शोधत बसलात तर नसलेली कारणं तयार होतात. मर्यादेबाहेर आकडा गेला, किंवा सलग आठ आठवडे सरासरीच्या एकाच बाजूला राहिले, तर मात्र शोधा. तेव्हा काहीतरी खरंच बदललेलं असतं. मर्यादा दर आठवड्याला नव्याने काढू नका, नाहीतर त्या आकड्यांच्या मागे मागे सरकत राहतील. एकदा काढा, गोठवा, आणि टीमची रचना किंवा कामाची पद्धत बदलली की नव्याने काढा.

जिरातला कंट्रोल चार्ट नावाने सारखा असला तरी गणित वेगळं आहे. तो तिकिटाला लागलेला वेळ दाखवतो, सरकती सरासरी आणि मानक विचलनाचा पट्टा काढतो. कुठले कॉलम निवडलेत त्यावर त्याचा आकडा ठरतो. "बॅकलॉग" चुकून निवडलेला राहिला तर सहा महिने नुसतं पडून असलेलं तिकीट सहा महिने काम चाललेलं दिसतं. काम सुरू झाल्यापासून पूर्ण होईपर्यंतचेच कॉलम ठेवा.

बर्नडाउन (उरलेल्या कामाची उतरती रेघ) ठेवत असाल तर त्याऐवजी बर्नअप बघा. बर्नडाउनमध्ये मधेच घुसलेलं काम आणि न झालेलं काम एकाच रेघेत मिसळतं. बर्नअपमध्ये एक रेघ एकूण कामाची, एक झालेल्या कामाची. वरची रेघ स्प्रिंटच्या मध्यात उडी मारताना दिसली की चर्चा आपोआप योग्य जागी जाते.

आणि एक सूत्र, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं: चालू कामांची सरासरी संख्या म्हणजे आठवड्याला पूर्ण होणारी कामं गुणिले एका कामाला लागणारा वेळ. आठवड्याला ८ तिकिटं संपतात आणि २४ उघडी आहेत, तर एक तिकीट सरासरी तीन आठवडे घेणार, कोणी कितीही धावपळ केली तरी. उघडी १२ वर आणा आणि संपण्याचा वेग तोच राहू द्या, तर दीड आठवडा. टीमला वेगाने काम करा सांगण्यापेक्षा "चालू" कॉलमला मर्यादा घालणं इथे जास्त काम करतं.

जास्वंद

उशिरा लिहितेय, पण प्रॉडक्शनकडची बाजू राहिली आहे. डोरा या सॉफ्टवेअर डिलिव्हरीवरच्या संशोधन उपक्रमाची मूळ चार मापं तुम्हाला ऐकून माहीत असतील: किती वेळा डिप्लॉय होतं, कमिटपासून प्रॉडक्शनपर्यंत किती वेळ लागतो, किती डिप्लॉय बिघडतात, आणि बिघडल्यावर सावरायला किती वेळ लागतो. यासाठी टूल लागत नाही, एक टेबल लागतं. डिप्लॉयच्या पाइपलाइनच्या शेवटी एक पायरी वाढवा आणि प्रत्येक वेळी एक ओळ लिहा: वेळ, सर्व्हिस, आत्ताचा कमिट हॅश (कमिटचा ओळख क्रमांक), आधीच्या डिप्लॉयचा कमिट हॅश. दोन हॅशमधले कमिट गिट लॉग देतं, त्यावरून कमिट ते प्रॉडक्शनचा वेळ निघतो.

बिघाडाचा कॉलम मात्र आपोआप भरत नाही. "बिघडलं" म्हणजे काय हे आधी लिहून ठेवा. रोलबॅक (मागच्या आवृत्तीवर परतणं), हॉटफिक्स (घाईची दुरुस्ती) किंवा ग्राहकाला जाणवलेला अडथळा, यातलं काहीही झालं तर हो. हे ठरलं नसेल तर हॉटफिक्सला कोणी "छोटं डिप्लॉय" म्हणतं, मग डिप्लॉयची संख्या वाढते, बिघाड शून्य राहतो, आणि दोन्ही ग्राफ चांगले दिसतात.

लहान टीमला टक्केवारीचा त्रास होतो. महिन्यात चार डिप्लॉय आणि एक बिघाड म्हणजे २५ टक्के, पुढच्या महिन्यात शून्य टक्के. ग्राफ करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो आणि त्यात काही अर्थ नसतो. "४ पैकी १" असं लिहा, किंवा तीन महिन्यांची बेरीज घ्या. सावरण्याच्या वेळेचंही तसंच. तिमाहीत तीनच बिघाड असतील तर मध्यक काढू नका, तिन्ही लिहा.

आता वरून विचारतीलच म्हणून एआयबद्दल. कोपायलटसारखं साधन आल्यापासून ओळी आणि कमिट वाढणं यातून काहीच सिद्ध होत नाही. तसंच "मला वेगवान वाटतंय" यावरही विसंबून राहता येत नाही. मीटर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांवर, २४६ कामं घेऊन, यादृच्छिक पद्धतीने चाचणी केली. एआय साधनं वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम झाल्यावरही आपण सुमारे २० टक्के वेगवान होतो असंच त्यांना वाटत होतं. एकाच चाचणीवरून तुमच्या टीमबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही. पण साधन लागू करताना तारखेची उभी रेघ मारा आणि रानवारा यांच्या पट्टीत बघा. पहिला टप्पा आक्रसून तिसरा, म्हणजे रिव्ह्यूच्या फेऱ्यांचा, फुगत असेल तर लिहिण्यात वाचलेला वेळ वाचण्यात जातोय.

उंबरठा

जास्वंदताई, "४ पैकी १" हे पटलं, तसंच करतो. शेवटचे दोन प्रश्न. दिवाळीच्या आठवड्यात ग्राफ पडणारच, तो आठवडा गाळायचा का? आणि "उरलेली ३० तिकिटं कधी संपतील?" याचं उत्तर या आकड्यांवरून देता येईल का?

तळटीप

दिवाळीचा आठवडा गाळू नका, ग्राफवर ठेवा आणि त्याखाली "दिवाळी" असं लिहा. फक्त मर्यादा काढायच्या हिशेबातून तो वगळा. बाकी जिराच्या बोर्ड सेटिंगमध्ये सुट्टीचे दिवस भरून ठेवा, बर्नडाउनमध्ये ते राखाडी दिसतात. न्यू जर्सीच्या सुट्ट्याही भरायला विसरू नका. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला तिकडे कोणी नसतं आणि इकडे पीआर साचतात.

३० तिकिटांचं उत्तर देता येतं, पण एका तारखेत देऊ नका. स्प्रेडशीटमध्ये वरचे दहा आठवड्यांचे आकडे एका कॉलममध्ये ठेवा. दुसरीकडे इंडेक्स आणि रँडबिटवीन ही दोन फंक्शन जोडून त्यातला कुठलाही एक आकडा उचलणारं सूत्र लिहा. असे चार आठवड्यांचे चार आकडे उचला, बेरीज करा, आणि ही ओळ हजार वेळा खाली ओढा. किती ओळींत बेरीज ३० किंवा जास्त आली ते मोजा. वर दिलेल्या आकड्यांवर हे केलं तर चार आठवड्यांत संपण्याची शक्यता साधारण तीन-चतुर्थांश येते आणि पाच आठवड्यांत जवळजवळ नक्की. वर सांगताना दोन्ही सांगा, आणि तारीख क्लायंटला द्यायची असेल तर पाच आठवड्यांची द्या.

यात गृहीत धरलेलं असं की पुढचे आठवडे मागच्यांसारखेच असतील. टीममधून दोन जण दुसऱ्या प्रोजेक्टवर गेले तर जुने आकडे चालणार नाहीत. आणि ३० तिकिटांची काम करता करता ३८ होतात. मागच्या तीन रिलीजमध्ये सुरुवातीची आणि शेवटची संख्या बघून तेवढी वाढ आधीच धरा, मग सूत्र चालवा.

रानवारा

तिकिटांचे आकार फार वेगवेगळे असतील तरी वरची पद्धत बऱ्यापैकी चालते, कारण मागच्या आठवड्यांतही तशीच मिसळ होती. अडचण येते ती कोणी मधेच तिकिटं बारीक तोडायला लागलं की. तेव्हा जुने आठवडे टाकून द्या आणि नव्या पद्धतीचे सहा-सात आठवडे जमेपर्यंत थांबा.

उंबरठा, पीआरचा जेसन काढलात की नावं आणि लिंक पुसून एखाद-दोन आठवड्यांचे वेळेचे कॉलम इथे टाका. बॉट आणि ड्राफ्टची गाळणी बरोबर बसली आहे का ते बघून सांगतो.